शिवणीवरून

रात्री दोन वाजून दहा. मानखुर्द लिंक रोड.
फोनवर पत्ता असा आला होता:
पुलाच्या पुढे, भंगारवाले काचा ओततात तिथे.
वाल्मीकदादाला तेवढ्यावर कळला.

माणूस दुभाजकाला टेकून आडवा. लाल कोट,
खांद्यांवर सोनेरी गोंडे, बाह्यांना जर.
मला क्षणभर वाटलं, सगळं रक्तच.
निम्मं कापड होतं.

त्याच्या डाव्या दंडाशी एक पोरगा, ट्रकचा क्लीनर,
इंजिन पुसायचं फडकं घडी करून
दोन्ही तळव्यांनी दाबून बसलेला.
किती वेळ?
माहीत नाही, म्हणाला, पण सोडलं की येतंय,
म्हणून सोडलं नाही.
कुणी शिकवलं? कुणी नाही.
पुढे थांबलेला ट्रक सारखा हॉर्न देत होता.

मी माझे हात त्याच्या हातांवर ठेवले,
मग म्हटलं, आता काढ.
त्याने एकेक बोट काढलं,
झोपलेल्या तान्ह्याच्या मानेखालून काढतात तसं.
"ताई, माझं नाव लिहू नका."
विचारायची सक्ती कुणी करू शकत नाही, कायदाच तसा आहे,
हे सांगेपर्यंत तो ट्रकच्या पायरीवर चढला होता.

कॉलर. फळी. एक, दोन, तीन.
मांडी मोडली होती; ताणून बांधली तेव्हा तो ओरडला
आणि मला बरं वाटलं.
ओरडतो त्याचा श्वास चालू असतो.

कात्री काढली तसे त्याने डोळे उघडले.
"कोट कापू नका, मॅडम. मालकाचा आहे."

भागवत अवघडे. वय बेचाळीस. क्लॅरिनेट.
चेंबूरला वरात पोचवून स्कूटरवरून घरी निघालेला,
मागून कुणीतरी ठोकलं आणि गेलं.
रात्रीचे नऊशे मिळतात.
कोट फाटला तर साडेतीन हजार.
पेटी कुठाय, पेटी, त्याने दोनदा विचारलं.
ती क्लीनरने आधीच गाडीत ठेवली होती.

कोटाच्या आत छाती होती
आणि छातीत काय चाललंय ते मला बघायचं होतं.
मी म्हटलं, शिवणीवरून कापते.
असं शिकवत नाहीत.
शिवण सरळ जात नाही, काखेत वळते,
तिथे दोरा दुहेरी असतो.
चार-सहा सेकंद जास्त गेले असतील.
ते मी अजून मोजते.

नाडी एकशे तीस. प्रेशर वरचं नव्वद.
शीर तिसऱ्या खेपेला सापडली.
दादा हळू, दादा लवकर,
मी एकाच श्वासात म्हणते,
आणि वाल्मीकदादा दोन्ही ऐकतो.

बोटं हलवून दाखवा.
त्याने हलवली. आधी उजवी, मग जखमी हाताचीही,
एकामागून एक, उचलत, टेकवत,
चादरीला भोकं असावीत तशी.
वरातीतलीच कुठली तरी चाल असणार.
मला ओळखता आली नाही.
फॉर्मवर लिहिलं: हालचाल, दोन्ही हात, आहे.

सायनच्या दारात दोन एक्कावन्न.
स्ट्रेचर बदललं. पडदा ओढला गेला.
आमचं काम दारापर्यंत.
पुढचं विचारू नये असा काही नियम नाही,
सवयच तशी लावून घ्यावी लागते.

घटनास्थळी मदत करणारा, या रकान्यात
मी लिहिलं, एक माणूस.
सकाळी सुपरवायझरने ते खोडून अज्ञात केलं.

गाडी धुताना खालच्या पट्टीत
पितळेचं बटण अडकलेलं मिळालं, वर मोर उमटवलेला.
टाका ते, वाल्मीकदादा म्हणाला.
नाही टाकलं. गॉजच्या खणात आहे, मागच्या कोपऱ्यात.
प्रत्येक गतिरोधकावर वाजतं.
कधी आडवा झालेला एखादा विचारतो,
काय वाजतंय?
मी म्हणते, काही नाही.
तुम्ही बोलत राहा.